कैदी मोजतात, आजार मोजत नाहीत

२१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने २००६ च्या लोकल ट्रेन बॉम्बस्फोट खटल्यातल्या बाराही जणांना निर्दोष ठरवलं. त्या दिवशी आपल्या ग्रुपवर काय काय फिरत होतं ते तुम्हाला आठवत असेल. एकोणीस वर्षं, उद्ध्वस्त झालेली घरं, पोलिसांनी घेतलेले कबुलीजबाब, सगळ्यावर बोलून झालं. सरकार लगेच सुप्रीम कोर्टात गेलं. कोर्टाने सांगितलं की सुटलेल्यांना परत आत जायची गरज नाही, पण हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरता येणार नाही. त्यावरही बोलून झालं. एक गोष्ट मात्र बहुतेकांनी एका ओळीत उरकली. बारा जणांपैकी कमाल अन्सारी हा निकाल ऐकायला नव्हता. २०१५ मध्ये त्याला फाशीची शिक्षा झाली होती. ती अमलात आली नाही. २०२१ मध्ये, नागपूर मध्यवर्ती कारागृहात कैदी असतानाच, तो कोविडने गेला.

मी हे बोललो तेव्हा एका मित्राचं उत्तर होतं, "कोविडमध्ये तर बाहेरचेही गेले." गेले. पाचोऱ्यातही गेले. पण बाहेरच्या माणसाला ताप आला तर तो दार उघडून दवाखान्यात जातो, बेड नाही मिळाला तर नातेवाईक रस्त्यावर उतरतात, पेपरात येतं. कैद्याचं दार दुसऱ्याच्या हातात असतं. त्याचा खोकला किती दिवसांचा आहे हे फक्त बराकीतल्या शेजाऱ्याला माहीत असतं, आणि शेजाऱ्याचं कोणी विचारत नाही.

त्याच नागपूर कारागृहातला पांडू नरोटे. गडचिरोलीचा आदिवासी, प्राध्यापक साईबाबा यांच्याबरोबर यूएपीएखाली जन्मठेप झालेला. ऑगस्ट २०२२ मध्ये तो गेला. कारण स्वाइन फ्लू असल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. तो गेल्यावर दोन महिन्यांच्या आत, १४ ऑक्टोबर २०२२ रोजी, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्या खटल्यातल्या सगळ्यांना सोडलं. सुप्रीम कोर्टाने तो निकाल थांबवला, नंतर फेरसुनावणी झाली, आणि ५ मार्च २०२४ ला पुन्हा सगळे सुटले. पांडू दोन वेळा निर्दोष सुटला, दोन्ही वेळा मेल्यावर.

एक मुसलमान, एक आदिवासी. दोघांचे आजार श्वासातून पसरणारे. आणि ही दोन नावं आपल्याला माहीत आहेत ती खटले गाजलेले होते म्हणून. ज्यांचे खटले गाजत नाहीत, जे मोबाइल चोरी, हाणामारी, दारूच्या केसमध्ये तारखांवर तारखा मोजत बसलेत, त्यांच्यापैकी किती जण आतून काय घेऊन आले याची यादी कुठेच नाही. मला या लेखात एवढंच भांडायचं आहे की ही यादी हवी. नावांची नको, आकड्यांची हवी. तुरुंगनिहाय, दर आठवड्याला, सगळ्यांना दिसेल अशी.

मी पोटापाण्यासाठी जे करतो त्यात एक सोपा नियम आहे. हजारो सर्व्हर चालू असतात, त्यातला एखादा बिघडणार हे धरूनच चालायचं. बिघाड लपत नाही याची व्यवस्था करायची. ग्राहकाचा फोन आल्यावर जर आम्हाला कळलं की सर्व्हर बंद पडलाय, तर आमची देखरेख नापास. तुरुंगातल्या आजारांबाबत आपली व्यवस्था अशी आहे की तिला माणूस मेल्यावर कळतं. हे मी रागाने म्हणत नाही, तसं घडलं आहे, आणि आपल्या खानदेशात घडलं आहे.

२३ मार्च २०२० ला सुप्रीम कोर्टाने स्वतःहून दखल घेऊन प्रत्येक राज्याला तुरुंगातली गर्दी कमी करायला उच्चाधिकार समित्या नेमायला सांगितल्या. धोका कोणाला माहीत नव्हता असं नाही. महाराष्ट्रात समिती बसली, काही हजार कैदी सोडायचं ठरलं, त्यातून यूएपीए, मकोकासारख्या कायद्यांखालचे वगळले गेले, जणू विषाणू कलम बघून घुसतो. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात ७७ कैदी आणि २६ कर्मचारी एकदम पॉझिटिव्ह निघाले. त्या तुरुंगाची क्षमता ८०४, आत होते त्याच्या तिपटीहून जास्त. एवढे लोक एका दिवसात आजारी पडत नाहीत. ते हळूहळू पडत होते, मोजले एका दिवसात गेले.

त्याच सुमारास पीयूसीएल ही संघटना उच्च न्यायालयात गेली. त्या याचिकेत तीन तुरुंगांतल्या मृत्यूंचा मुद्दा होता: तळोजा, येरवडा आणि धुळे. त्या कैद्यांची चाचणी पॉझिटिव्ह आली ती त्यांच्या मृत्यूनंतर. धुळे म्हणजे पाचोऱ्यापासून काही तासांवर. तिथल्या त्या माणसाला ताप आला असेल, अंग दुखलं असेल, श्वास लागला असेल. हे सगळं व्हायला दिवस जातात. त्या दिवसांत त्याच्या नावापुढे काहीच लिहिलं गेलं नाही. तो रुग्ण म्हणून मोजला गेला तोच मृतांच्या रकान्यात.

आता याच महिन्यांतली दुसरी मोजणी आठवा. १८ एप्रिल २०२० ला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने पत्रकार परिषदेत सांगितलं की देशातल्या १४,३७८ रुग्णांपैकी ४,२९१, म्हणजे २९.८ टक्के, तबलिगी जमातच्या मरकजशी जोडलेले आहेत. दशांश चिन्हानंतरचा आकडासुद्धा होता! तेव्हा टीव्हीवर रोज हा वेगळा रकाना झळकत होता, आणि त्या रकान्यामुळे आपल्या गल्लीतल्या भाजीवाल्याला गावातल्या कॉलन्यांमध्ये घुसू देत नव्हते. पुढे २१ ऑगस्ट २०२० ला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने, ज्याच्या हद्दीत आपले जळगाव-धुळे येतात, परदेशी जमातींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केल्याचं दिसतं असं म्हटलं. माझा प्रश्न साधा आहे. देशभर विखुरलेल्या, रेल्वेने-बसने पांगलेल्या माणसांचा वेगळा आकडा ज्या सरकारला काही दिवसांत काढता आला, त्याला चार भिंतींच्या आत कुलूपबंद असलेल्या माणसांचा वेगळा आकडा रोज देता का आला नाही? मोजता येत नव्हतं म्हणून नाही. कोणाला मोजायचं आणि कशासाठी मोजायचं हे ठरलेलं होतं म्हणून.

कारण खरं सांगायचं तर तुरुंगाइतकं मोजायला सोपं ठिकाण जगात नाही. साथरोगाच्या हिशेबात सगळ्यात अवघड असतो तो छेद, म्हणजे एकूण माणसं किती. पाचोऱ्यात आज नक्की किती लोक आहेत हे कोणी सांगू शकणार नाही. कोणी सुरतेला गेलंय, कोणी लग्नाला आलंय. तुरुंगात मात्र बराक उघडताना गिनती, बंद करताना गिनती. एक माणूस कमी भरला तर भोंगा वाजतो. कोण कोणाशेजारी झोपतो, कोण कधी आत आला, कोण कोणाबरोबर एकाच गाडीतून पेशीला गेला, सगळं लिहिलेलं असतं. साथरोगतज्ज्ञाला आयुष्यभर शोधून मिळणार नाही असा डेटा जेलरच्या टेबलावर पडलेला असतो.

इंग्रजांना हे बरोबर कळलं होतं. १८९७ च्या जानेवारीत मुंबईत प्लेग चालू असताना भायखळ्याच्या तुरुंगात तो शिरला. हाफकिन यांनी नुकतीच तयार केलेली लस तिथल्या तयार झालेल्या कैद्यांना टोचली गेली (कैद्याच्या 'तयार होण्याला' किती अर्थ, हा वेगळा विषय) आणि टोचलेल्यांची न टोचलेल्यांशी तुलना झाली. ती तुलना शक्य झाली ती एकाच आवारात, एकच जेवण जेवणारी, मोजलेली माणसं होती म्हणून. हिंदुस्थान सरकारच्या सॅनिटरी कमिशनरचे वार्षिक अहवाल काढून बघा, गोरं सैन्य, देशी सैन्य आणि कैदी यांच्या आजारांची आकडेवारी त्यात वेगवेगळी छापलेली असते. दया म्हणून नाही. सैनिक मेला तर बंदूक कमी होते, कैदी मेला तर मजूर कमी होतो. परक्या सरकारनेसुद्धा आपल्या फायद्यासाठी का होईना, पण छापलं.

त्याच इंग्रजांच्या १८९४ च्या तुरुंग कायद्यात कलम १५ आहे. कैदी मेला की वैद्यकीय अधिकाऱ्याने एका रजिस्टरमध्ये लिहायचं: त्याने पहिल्यांदा तक्रार केली किंवा तो आजारी दिसला तो दिवस कोणता, त्या दिवशी त्याच्याकडे काय काम होतं, त्याला कोणता आहार मिळत होता, दवाखान्यात कधी घेतलं, डॉक्टरला पहिल्यांदा कधी कळवलं, आजार काय, डॉक्टरने त्याला शेवटचं कधी पाहिलं, मृत्यू कधी. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा थक्क झालो. यातल्या फक्त दोन तारखा घ्या: पहिली तक्रार केली ती आणि डॉक्टरला कळवलं ती. दुसरीतून पहिली वजा करा. जो आकडा येईल तो त्या तुरुंगाबद्दल सगळं सांगेल. यासाठी एआय नको, ॲप नको. एक्सेलमध्ये पाच मिनिटांचं काम आहे. हे कलम सव्वाशे वर्षांपूर्वी लिहिलं गेलं. त्याखालची दोन तारखांची वजाबाकी आजवर कोणी जाहीर केलेली मी पाहिलेली नाही.

आज काय छापलं जातं? एनसीआरबी दरवर्षी 'प्रिझन स्टॅटिस्टिक्स इंडिया' काढते. २०२२ चा अहवाल २०२३ संपता संपता आला. त्यात मेलेल्या कैद्यांची आजारवार विभागणी असते, हृदय, फुप्फुस, टीबी, एचआयव्ही. म्हणजे टीबीने किती मेले ते वर्षभराने समजतं. टीबी किती जणांना आहे, त्यातल्या कितींची थुंकी तपासली, कितींचं औषध मध्येच तुटलं, हे जळगाव जिल्हा कारागृहापुरतं तुम्हाला कुठे बघायला मिळत असेल तर मला दाखवा. त्या कारागृहाची अधिकृत क्षमता २०० आहे, आणि आत त्याच्या दुपटीहून जास्त माणसं असल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतो. २०२२ च्या त्याच अहवालात महाराष्ट्रातल्या तुरुंगांची क्षमता सुमारे २५,००० आणि आत सुमारे ४१,००० माणसं. पाचात चार कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा आहे.

टीबीवर जरा थांबतो, कारण कोविड गेला तरी टीबी कुठे गेलेला नाही. तो हवेतून पसरतो, बंद खोलीत पसरतो, अर्धपोटी शरीरात पटकन उठतो. बराक म्हणजे त्याच्यासाठी बांधून दिलेलं घर. २०२३ मध्ये 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ'मध्ये जगभरच्या तुरुंगांतल्या टीबीचा अभ्यास आला. त्यातल्या अंदाजानुसार भारतातल्या तुरुंगांत दर लाख कैद्यांमागे वर्षाला १,०७६ जणांना टीबी होतो. बाहेर हा आकडा २१० च्या आसपास आहे. पाचपट. त्याच अभ्यासात आणखी एक आकडा आहे जो मला जास्त टोचतो. जगभरात २०१९ मध्ये तुरुंगांत जेवढ्यांना टीबी झाला असावा, त्यातल्या फक्त ५३ टक्क्यांची नोंद झाली. बाकीचे जवळजवळ निम्मे खोकत राहिले.

आमच्या मोहल्ल्यातला एक मुलगा, गॅरेजवर काम करणारा, मारामारीच्या केसमध्ये राज्यातल्या एका तुरुंगात चौदा महिने होता. जामीन झाला, संध्याकाळी सुटला, रात्रीच्या गाडीने पाचोऱ्याला उतरला. अम्मीने दस्तरखान मांडलं, सगळे एका ताटात जेवले. खोकला आतलाच होता, दोन महिन्यांचा. आत असताना त्याने सांगितलं होतं, खोकल्याचं औषध मिळालं होतं, थुंकी कोणी मागितली नव्हती. घरी वजन बघून एका शेजाऱ्याने त्याला ग्रामीण रुग्णालयात नेलं, तिथे तपासणीत टीबी निघाला. मग घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली आणि त्याच्या सहा वर्षांच्या भाचीलाही औषधं सुरू झाली. त्याला आतच लागण झाली असं मी सिद्ध करू शकत नाही. अडचण तीच आहे. आत घेताना छातीचा एक्स-रे काढला असता तर कळलं असतं की त्याने आजार आत नेला की आतून आणला. नेला असता तरी पहिल्याच आठवड्यात औषध सुरू झालं असतं आणि शेजारी झोपणारे वाचले असते. १८९४ च्याच कायद्यात दाखल होताना वैद्यकीय तपासणी लिहिलेली आहे. ती होते. अंगावरच्या जखमा, उंची, तीळ, वजन. तीळ नीट लिहितात.

औषध तुटण्याचा प्रकार तर याहून सोपा आहे. ज्याला आत टीबीचं औषध चालू आहे त्याचा जामीन अचानक होतो. वकील कागद आणतो, जामीनदार उभा राहतो, संध्याकाळी माणूस बाहेर. त्याच्या हातात कपड्यांची पिशवी असते. औषधाची पट्टी असेलच असं नाही. टीबीच्या प्रत्येक रुग्णाला सरकारच्या निक्षय पोर्टलवर एक क्रमांक मिळतो आणि तो रुग्ण एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात वर्ग करण्याची सोय त्यात आहे. तुरुंगांचं वेगळं सॉफ्टवेअर आहे, ई-प्रिझन्स, त्यात कैद्याची सुटका नोंदली जाते. सुटकेचं बटण दाबलं की टीबीच्या माणसाला घरच्या तालुक्याचा निरोप जावा, ही दोन प्रणालींमधली एक तार आहे. मी असल्या तारा जोडून पगार घेतो, म्हणून सांगतो, हे अवघड नाही. अवघड असतं ते कोणीतरी ते मागणं.

कारण जे मागितलं जातं ते होतंच. २०२२ मध्ये संसदेने गुन्हेगारी प्रक्रिया (ओळख) कायदा केला. त्याखाली कैद्यांच्या आणि अटक केलेल्यांच्या बोटांचे ठसे, बुबुळाचा स्कॅन, जैविक नमुने घेता येतात, आणि ही नोंद ७५ वर्षं ठेवायची आहे. पंचाहत्तर! माणूस मेला तरी त्याचं बुबुळ सरकारजमा. तुरुंगांच्या आधुनिकीकरणाच्या बातम्या वाचा, त्यात सीसीटीव्ही, ड्रोन, बॉडी स्कॅनर असतं. आपल्या भाषेत नजर ठेवणं आणि निगा राखणं हे दोन वेगळे शब्द आहेत. आपल्या मुलांवर नजर ठेवायला पैसा, यंत्र आणि कायदा तिन्ही आहे. निगा राखायला २०१६ च्या मॉडेल प्रिझन मॅन्युअलमध्ये ३०० कैद्यांमागे एक डॉक्टर लिहिला आहे, आणि इंडिया जस्टिस रिपोर्टच्या हिशेबाने देशात प्रत्यक्षात एका डॉक्टरमागे ७७५ कैदी आहेत. तळोज्यात २०२१ मध्ये तीन डॉक्टर होते, तिघेही आयुर्वेदाचे. तिथेच प्राध्यापक हनी बाबू यांच्या डोळ्याला संसर्ग झाला आणि डोळा धुवायला स्वच्छ पाणीही मिळत नाही असं त्यांच्या घरच्यांना जाहीर सांगावं लागलं. फादर स्टॅन स्वामी त्याच तुरुंगातून रुग्णालयात गेले, तिथे त्यांना कोविड झाल्याचं निघालं, आणि ५ जुलै २०२१ ला, जामिनाची सुनावणी चालू असताना, ते गेले.

आता आपल्याकडे वळतो, कारण हे सगळं फक्त सरकारला सुनावून भागणारं नाही.

टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या विजय राघवन आणि रोशनी नायर यांनी राज्य अल्पसंख्याक आयोगासाठी केलेल्या अभ्यासात महाराष्ट्राच्या तुरुंगांत मुसलमानांचं प्रमाण ३६ टक्के असल्याचं नोंदलं होतं. राज्याच्या लोकसंख्येत आपण तेव्हा साडेदहा-अकरा टक्के. हा आकडा आपल्या प्रत्येक जलशात सांगितला जातो. पण तो कशासाठी सांगितला जातो? आपल्यावर अन्याय होतो हे सांगायला. बरोबर आहे, होतो. त्यापुढे आपलं काम काय? बॉम्बस्फोटाच्या केसमध्ये वकील देणं, आणि ते काम ज्यांनी केलं त्यांना सलाम, त्यांच्यामुळेच २१ जुलैचा दिवस आला. रमजानमध्ये खजूर आणि इफ्तारीचं सामान आत पाठवणं. जकातीतून चार जणांचा जामीन भरणं. यात गैर काही नाही. पण तुरुंगात डॉक्टर किती, मागच्या महिन्यात टीबीच्या तपासण्या किती, असं विचारायला आपलं एक तरी शिष्टमंडळ जळगावात गेलंय का? निवेदन देऊन फोटो काढायला आपण कलेक्टर ऑफिसला महिन्यातून दोनदा जातो.

याचं कारण मला माहीत आहे आणि ते बोललं पाहिजे. आपण निर्दोषांसाठीच तोंड उघडतो. जो चोरीत सापडला, जो गर्दुल्ला आहे, जो सट्ट्याच्या अड्ड्यावर पकडला गेला, त्याची आपल्याला लाज वाटते. त्याची आई मुलाखतीच्या दिवशी एकटी एसटीत बसून जाते आणि मोहल्ल्यात कोणाला सांगत नाही. मेहनतीने उभी केलेली आपली 'शिकलेले, कायदा पाळणारे मुसलमान' ही प्रतिमा त्याच्यामुळे डागाळते. म्हणून कमाल अन्सारीबद्दल आपण बोलतो तेही तो निर्दोष ठरला म्हणून. समजा तो दोषी असता. मग नागपुरात ताप आल्यावर त्याची चाचणी वेळेवर व्हायला नको होती का? फाशीची शिक्षा कोर्ट देतं. टीबीची, कोविडची शिक्षा कुठलंच कोर्ट देत नाही.

साधारण अकराशे वर्षांपूर्वीचा बगदाद. वजीर अली इब्न ईसा याने राजवैद्य सिनान इब्न साबित याला पत्र लिहिल्याची नोंद जुन्या चरित्रकोशांत आहे. मतलब असा, की तुरुंगात माणसं फार, जागा खडतर, त्यामुळे त्यांना आजार होणारच, आणि त्यांना स्वतःहून वैद्याकडे जाता येत नाही. तेव्हा वैद्य नेमा, त्यांनी रोज तुरुंगात जावं, औषधं बरोबर न्यावीत, सगळ्या तुरुंगांत फिरावं. वजिराने कैदी निर्दोष आहेत का हे विचारलेलं नाही. त्याच्याआधी शंभरेक वर्षं इमाम अबू यूसुफ यांनी खलिफा हारून रशीदसाठी लिहिलेल्या 'किताबुल खराज'मध्ये कैद्यांच्या नावांचं रजिस्टर ठेवून त्यांचा खर्च दरमहा द्यावा, थंडी-उन्हाळ्याचे कपडे द्यावेत असं सुचवलं आहे. इमाम अबू यूसुफ म्हणजे आपण ज्या हनफी मसलकावर चालतो त्याचे दुसरे मोठे इमाम. वजू किती वेळा तुटतो यावर आपल्याकडे तासतासभर बयान होतात. हे कधी जुम्याच्या बयानात ऐकलंय?

माझ्या मागणीवर तीन आक्षेप येतात. सुरक्षेचा आक्षेप मी मनावर घेत नाही. किती जणांना ताप आहे हे कळल्याने कोणी भिंत फोडत नाही. 'गुन्हेगारांचे लाड' म्हणणाऱ्यांनी एवढं बघावं की बराकीतली हवा पहारेकऱ्याच्या फुप्फुसातही जाते. आर्थर रोडच्या त्या २६ कर्मचाऱ्यांच्या घरीही मुलं होती.

तिसरा आक्षेप खरा आहे. खासगीपणाचा. छोट्या तुरुंगात 'एचआयव्ही: १' असं छापलं तर संध्याकाळपर्यंत सगळ्या बराकीला कळेल तो कोण, आणि त्याचं जगणं संपेल. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने संमतीशिवाय चाचणी आणि माहिती फोडणं दोन्हीला बंदी केली आहे, ती आतल्या माणसालाही लागू आहे. म्हणून एचआयव्हीचे आकडे तुरुंगवार नकोत, राज्याचे एकत्रित पुरेत. बाकी ताप, दोन आठवड्यांहून जुना खोकला, टीबीच्या तपासण्या, कावीळ, जुलाब, खरूज (हो, खरूज, आत गेलेल्या कोणालाही विचारा), यांचे आकडे तुरुंगवार द्यायला काहीच हरकत नाही. नाव नको, केस नंबर नको. आणि धर्माचा रकाना तर अजिबात नको. एप्रिल २०२० नंतर तरी आपल्याला हे कोणी शिकवायला नको.

अधूनमधून तपासणीच्या मोहिमा होतात, एक्स-रेची गाडी येते, हे मी नाकारत नाही. पण मोहीम म्हणजे देखरेख नव्हे. जून २०२० मध्ये जळगावच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये ८२ वर्षांची कोविड रुग्ण आठ दिवस बेपत्ता होती आणि शेवटी तिथल्याच संडासात तिचा मृतदेह सापडला. ते जळगावभर गाजलं, अधिकारी निलंबित झाले, कारण बाहेर तिला शोधणारी माणसं होती आणि विचारता येत होतं. कुलपाच्या आत असं विचारणारं कोण असतं?

मी एक अर्ज तयार केला आहे, मराठीत, माहितीच्या अधिकाराखाली. जळगाव आणि धुळे या दोन कारागृहांसाठी, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. मागची पाच वर्षं, महिन्यागणिक. दाखल झालेले किती, त्यात दाखल होताना छातीचा एक्स-रे किंवा थुंकी तपासली असे किती, टीबी निघालेले किती, उपचार चालू असताना सुटलेले किती आणि त्यातल्या कितींची नोंद घरच्या तालुक्याकडे वर्ग केली. मंजूर डॉक्टर किती, भरलेले किती. जिल्हा न्यायाधीश आणि कलेक्टर ज्या अभ्यागत मंडळावर असतात त्याने किती भेटी दिल्या आणि वहीत आरोग्याबद्दल काय शेरे लिहिले. आणि मृत्यू झाला असेल तर नाव झाकून कलम १५ च्या रजिस्टरमधल्या त्या दोन तारखा. अर्जाचा मसुदा या मासिकाकडे दिला आहे, कोणालाही मिळेल. नाशिक रोड, औरंगाबादचं हर्सूल, अकोला, ठाणे, तुमच्या जवळचा जो तुरुंग असेल त्याचं नाव टाका. उत्तराला कायद्याने ३० दिवस आहेत. जिवाचा प्रश्न असेल तर ४८ तास, आणि आत कोणी आजारी असल्याचं तुम्हाला माहीत असेल तर अर्जाच्या पहिल्याच ओळीत तसं लिहा. आलेली उत्तरं माझ्याकडे पाठवा, मी ती एका तक्त्यात भरत जाईन. रकाने तयार आहेत.